ओळखीचा गुडघा

ट्रेनरने रविवारची रजा घ्यायचं ठरवलं, त्याला कारण झालं एक कुलूप.

गुरुवारी संध्याकाळी तो सहा दिवसांच्या दौऱ्यावरून घरी आला. एका खांद्यावर कपड्यांची बॅग, दुसऱ्यावर पट्ट्या, टेप आणि मलमांची पिशवी. किल्ली कुलपात घातली, तर फिरेना. उलटी करून घातली, फुंकर मारून घातली, शर्टाला पुसून घातली. मग त्याने खाली जाऊन मजले मोजले. चौथाच होता. दारावरच्या पाटीवर नावही त्याचंच होतं. शेवटी त्याने पाहुण्यासारखी बेल वाजवली. नऊ वर्षांच्या मुलीने साखळी न काढता दार किलकिलं केलं, फटीतून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली, "आई, बाबा आलेत! घेऊ का आत?"

"कुलपाला काय झालंय?" आत आल्याआल्या त्याने विचारलं.

"काय व्हायचंय? बदललं," बायको म्हणाली. "महिना झाला."

महिनाभर कुणी ना कुणी आतून दार उघडत होतं, म्हणून त्याला पत्ता नव्हता.

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं. फोनवर. तुम्ही म्हणालात, 'हं, आणखी वीस मिनिटं तसंच ठेव, मग पालथा झोप.' मी काय समजायचं ते समजले."

आता यात ट्रेनरचीही बाजू होती. गेली चौदा वर्षं तो एका फुटबॉल क्लबात नोकरीला होता. सव्वीस खेळाडू, म्हणजे बावन्न घोटे, बावन्न गुडघे आणि बावन्न पोटऱ्या. या सगळ्यांची जबाबदारी त्याच्यावर. (खेळाडू त्याला 'डॉक्टर' म्हणत. क्लबच्या खऱ्या डॉक्टरांना ते अजिबात आवडत नसे.) हंगाम दहा महिन्यांचा. उरलेल्या दोन महिन्यांत खेळाडू आपापल्या घरी जात आणि ज्यांचं काही दुखत असे ते ट्रेनरकडे येत. म्हणजे बाराही महिने सारखेच. पण माणसाला स्वतःच्या घराची किल्ली लागू नये, हे त्याच्या मनाला फार लागलं. रात्रभर विचार करून शुक्रवारी तो मॅनेजरपुढे उभा राहिला.

"साहेब, रविवारी रजा हवी."

"रविवारी सामना आहे."

"पण मुलीची शाळा रविवारीच बंद असते."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "कुठल्या क्लबने बोलावलंय? खरं सांग."

"कुठल्याच नाही. घरी राहायचंय."

"आजारी आहेस?"

"नाही."

"घरी कुणी आजारी आहे?"

"नाही हो. सगळे ठणठणीत आहेत. म्हणूनच म्हटलं, एकदा बघून यावं."

मॅनेजरला काही कळलं नाही, पण न कळलेल्या गोष्टीवर सही करायची त्याला सवय होती. रजा मिळाली. असिस्टंटला सतरा सूचना देऊन ट्रेनर घरी आला तो एखादा कप जिंकून आणल्यासारखा.

रविवारी सकाळी बायको कामावर निघाली. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती आणि रविवारी दीड वाजेपर्यंत तिची पाळी असे. जाताना तिने ट्रेनरचा फोन मागून घेतला, कपाटात ठेवला आणि कपाटाची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

"मी काय काय करायचं?" ट्रेनरने उत्साहाने विचारलं.

"काही नाही. घर आपलं आपण चालतं. तुम्ही फक्त मध्ये येऊ नका."

घरात उरले तिघं. ट्रेनर, मुलगी आणि सासरे. सासरे घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवून आता लेकीकडे राहात होते. आयुष्यभर बारीक काटे बघितल्यामुळे मोठ्या गोष्टींकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. चहा करावा म्हणून ट्रेनर स्वयंपाकघरात गेला आणि चार फडताळं उघडून रिकाम्या हाताने परत आला.

"जावईबापू, कप सिंकच्या वर," सासरे पेपरातून म्हणाले.

"माहीत आहे, माहीत आहे. मी नुसतं बघत होतो."

दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात एक उंच गृहस्थ उभे. डोळ्यांवर चष्मा, दाढीत पांढरे केस, बेताचं पोट, अंगात स्वेटर आणि सैलशी पँट. ट्रेनर 'कोण पाहिजे?' म्हणणार, तेवढ्यात त्या माणसाने चपला काढल्या, दारामागच्या खुंटीवरचं ट्रेनरचं जॅकेट उचलून शेजारच्या खुंटीवर टांगलं, रिकाम्या खुंटीवर आपली टोपी अडकवली आणि तोंडभर हसून म्हणाला, "अरे वा, डॉक्टर! आज घरी?"

"हो," ट्रेनर म्हणाला. "म्हणजे... राहतोच मी इथे."

माणूस आणखी हसला, "काका आले!" असं ओरडत आलेल्या मुलीच्या डोक्यावर टपली मारून गेला, सासऱ्यांच्या शेजारी बसला आणि पेपराची मधली पानं ओढून वाचायला लागला. सासऱ्यांनी ती न बघता दिली, म्हणजे हे रोजचं होतं.

ट्रेनर दाराला पाठ लावून उभा राहिला. हा कोण?

विचारायला तोंड होतं, पण सोय नव्हती. परवाच कुलपाचं प्रकरण झालेलं. आता 'आपल्या घरात कोण बसलंय?' असं विचारलं, तर ते दीड वाजता बायकोच्या कानावर जाणार आणि मग चौदा वर्षांचा हिशेब निघणार. तेव्हा विचारायचं नाही, ओळखायचं. सूज बघून आतला मार ओळखणारा माणूस मी, ट्रेनरने स्वतःला धीर दिला, माणूस ओळखता येणार नाही?

मुलगी पाणी प्यायला आली, तेव्हा त्याने हळूच सुरुवात केली.

"हे काका... कोण बरं?"

"बाबा! तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे! मी तुझी परीक्षा घेतोय."

"मग तुम्ही आधी सांगा."

"ते... आपले... नेहमीचे."

"बरोब्बर!" असं म्हणून ती पळाली.

पाच मिनिटांनी ती गणिताची वही घेऊन काकांच्या पुढ्यात बसली, तेव्हा ट्रेनरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिकवणीचे मास्तर! एवढं सोपं होतं. तो खुर्ची ओढून बापाच्या रुबाबात बसला.

"काय म्हणते आमची मुलगी? प्रगती कशी काय?"

"उत्तम," माणूस म्हणाला. "उजवीकडे छान वळते. डावीकडे वळताना मात्र घाबरते अजून."

ट्रेनरने वहीकडे पाहिलं. भागाकार होते. भागाकारात डावीकडे घाबरण्यासारखं काय असतं, ते त्याला आठवेना. "आमच्या वेळी पद्धत वेगळी होती," तो सावधपणे म्हणाला.

"पद्धत तीच हो. फक्त मागून धरायचं आणि तिला कळू न देता सोडून द्यायचं."

"आणि पडली तर?"

"दोनदा पडली की. गुडघे फुटले. तुम्हाला सांगितलं असेलच."

ट्रेनर उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. भागाकार करताना मुलीचे गुडघे फुटले होते आणि सव्वीस जणांचे गुडघे सांभाळणाऱ्या बापाला त्याची गंधवार्ता नव्हती.

तो परत येतो तो मास्तर गायब. स्वयंपाकघरातून ठोकल्याचा आवाज आला. डोकावून बघतो तर मास्तर सिंकखाली कमरेपर्यंत शिरलेले, बाहेर नुसते दोन पाय, आणि आतून आवाज, "डॉक्टर, पाना द्या जरा."

म्हणजे नळ दुरुस्त करणारा! ट्रेनरने पाना दिला. मग गणिताची वही? कदाचित हुशार असेल. नळवाल्यांना काय गणित येऊ नये?

"बरेच दिवस गळतोय का?" त्याने विचारलं.

"तीन महिने. ताई म्हणत होत्या तुम्ही बघणार आहात, म्हणून मी हात लावला नाही. पण काल म्हणाल्या, आता तुम्हीच बघा."

ट्रेनरचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला? तुमच्याकडून एवढं घेतलंय मी. हे म्हणजे काहीच नाही."

काय घेतलंय? ट्रेनर गडबडला. तो सरळ अडगळीच्या खोलीत गेला. ड्रिल मशीन जागेवर होतं. शिडी होती. प्रवासी बॅगा तिन्ही होत्या. आपलं या माणसाने नेलंय तरी काय, आणि आपल्याला त्याची उणीव कशी भासली नाही? तो बॅगा उघडून बघत असताना सासरे दारात येऊन उभे राहिले.

"जावईबापू, दौऱ्यावर निघालात?"

"छे छे. बाबा, मी म्हणत होतो... यांचं कसं काय चाललंय?"

"कुणाचं?"

"यांचंच. स्वयंपाकघरात आहेत ते."

"त्यालाच विचारा की. तुमचाच माणूस."

"माझा?"

"मग काय माझा?" सासरे म्हणाले आणि आपली सकाळची रक्तदाबाची गोळी घ्यायला गेले.

माझा माणूस! ट्रेनर तिथेच एका बॅगेवर बसला. आपल्याकडचे नातेवाईक त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. आतेभाऊ तीन, पण तिघेही ठेंगू. एक मामेभाऊ परदेशात. चुलत चुलते होते, पण ते सासऱ्यांपेक्षा म्हातारे. आईकडून कुणी लांबचं असेल, म्हणावं, तर डॉक्टर का म्हणतो? परत हॉलमध्ये येऊन बघतो तर तो माणूस सासऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतोय, सासरे लहान मुलासारखे जीभ बाहेर काढून बसलेत (जिभेचा आणि रक्तदाबाचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक), आणि मुलगी आकडे वहीत लिहून घेतेय. मास्तर, नळवाला, नातेवाईक आणि आता नर्स! ट्रेनरला भोवळ यायला लागली. आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात रजा घालवतोय की काय, असं वाटून त्याने पुन्हा एकदा दारावरची पाटी वाचून घेतली.

दीड वाजून गेल्यावर माणूस उठला, "चला, ताटं घेऊ, ताई येतीलच" म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे निघाला. तेव्हा ट्रेनरला दिसलं. माणूस डावा पाय किंचित, अगदी केसाएवढा, ओढत होता. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. पण ट्रेनरच्या अंगात वीज संचारली. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला या घरात काहीतरी समजत होतं.

"थांबा! बसा इथे."

"अहो, काही नाही. थंडीत जरा..."

"बसा म्हणतो ना! पँट वर करा. डावी."

"इथे?"

"मग काय मैदानात? करा वर."

माणसाने निमूटपणे पँट गुडघ्याच्या वर सरकवली. ट्रेनर जमिनीवर बसला, त्याने दोन्ही हातांनी गुडघा धरला, आणि त्याचे हात जागीच थांबले. वाटीच्या बाजूला ऑपरेशनचे तीन ठिपके. त्याखाली बोटभर लांब, शेवटाला हुकासारखा वळलेला व्रण. त्याने अंगठ्याने वाटी हलवली. अर्ध्यावर ती बारीक 'कट' वाजली.

हा आवाज! दोन वर्षं, रोज सकाळ-संध्याकाळ, त्याने हा आवाज ऐकला होता. या गुडघ्याला त्याने बर्फ लावला होता, शेकलं होतं, दुमडायला शिकवलं होतं, जिने चढवले होते. या गुडघ्यासाठी तो खऱ्या डॉक्टरांशी भांडला होता. त्याचे डोळे भरून आले.

"हा तर माझा गुडघा!" तो ओरडला. "तू... तू गोलकीपर!"

"मग सकाळपासून कोण वाटलो?" गोलकीपर म्हणाला.

नेमकं तेव्हाच नवं कुलूप उघडून बायको आत आली. नवरा जमिनीवर, त्याच्या मिठीत एक पाय, आणि डोळ्यांत पाणी.

"एक रविवार," ती दारातूनच म्हणाली. "एक रविवार घरी राहा म्हटलं, तर काम घरी घेऊन आलात?"

"अगं, हा गोलकीपर आहे! आमचा!"

"हो. सहा महिने झाले दुसऱ्या मजल्यावर राहायला येऊन. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं."

"मी काय म्हणालो?"

"'बर्फ लाव त्याला.'"

मुलीला सगळ्यात आधी उमगलं. "म्हणजे बाबांना माहीतच नव्हतं काका कोण ते! परीक्षेत नापास!" सासरे खो खो हसायला लागले आणि गोलकीपरचा चेहरा मात्र पडला.

"डॉक्टर, खरंच नाही ओळखलंत? लिफ्टमध्ये तीनदा भेटलो आपण."

"अरे, चेहरा कधी बघितला होता तुझा मी नीट?" ट्रेनर कळवळून म्हणाला. "मी कायम खाली बघत असायचो. त्यात तू चष्मा लावलास, दाढी वाढवलीस. अर्धी पँट घालून आला असतास तर लिफ्टमध्येच मिठी मारली असती!"

बायकोने ताटं मांडली. जेवताना हळूहळू सगळं उलगडलं. मुलगी डावीकडे वळायला घाबरत होती ती सायकलवर, आणि गोलकीपरने जे घेतलं होतं ते दोन वर्षांचे उपचार.

"तुम्हीच शेवटच्या दिवशी म्हणालात," गोलकीपर ताटाकडे बघत म्हणाला, "आता खेळणं सोड. बारा वर्षं हॉटेलांत राहिलास. यापुढे घरच्यांना वेळ दे, रविवारी चार माणसांत बसून जेव. मला ते पटलं. पण माझ्या घरी कुणीच नाही हो. म्हटलं, ज्यांनी सांगितलं त्यांचं घर तर आहे."

ट्रेनरचा घास हातातच राहिला. एवढा शहाणा सल्ला आपण दिला होता, हे त्याला आठवतच नव्हतं. बहुधा देतानाही त्याचं सगळं लक्ष गुडघ्याकडे असावं. बायकोने त्याच्या ताटात आणखी वाढलं, आणि तिने रागवायला हवं होतं असं त्याला उगाच वाटत राहिलं.

चार वाजता सायकल खाली निघाली. आज मुलगी पहिल्यांदा गल्लीला पूर्ण वळसा घालणार होती, डावीकडून. मागे कुणीतरी पळायला हवं होतं. गोलकीपरने सवयीने बाह्या सरसावल्या, पण मुलगी म्हणाली, "आज बाबा पळतील."

ट्रेनरला आभाळ ठेंगणं झालं. चौदा वर्षं इतरांना पळवलेला माणूस आज स्वतः पळणार! (तो एरवी पळे ते बर्फाची पेटी घेऊन, मैदानाच्या कडेपासून पडलेल्या खेळाडूपर्यंत, आणि तेवढ्यातही धाप लागे.) अंग गरम करून घेतल्याशिवाय कुणाला मैदानात पाऊल टाकू न देणारा ट्रेनर घरच्या चपलेत तसाच सुटला.

पहिली पन्नास पावलं बरी गेली. मग त्याला समोरचे पाय दिसले.

"गुडघा आत पडतोय! सरळ ठेव! टाच खाली!"

"बाबा, पडेन मी! धरलंय ना?"

"धरलंय!" तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. पण वळण आलं, मुलगी डावीकडे वळली, आणि त्याच्या पोटरीत मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. त्याने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. 'मागून कुणी मारलं' असं सांगणारे खेळाडू त्याने शेकड्यांनी पाहिले होते. पोटरीचा स्नायू फाटला की प्रत्येक जण हेच म्हणतो. तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. त्याने सीट कधी सोडली हे मुलीला कळलंच नाही. ती घंटी वाजवत पूर्ण वळसा घालून आली, आणि बाप बसलेला बघून म्हणाली, "दमलात?"

गोलकीपरने त्याला पाठुंगळीला घेऊन लिफ्टने चौथ्या मजल्यावर आणलं. नंतर जे उपचार झाले ते बघवत नव्हते. सासऱ्यांनी घड्याळाचा पट्टा बांधावा तशी पट्टी बांधली. मुलीने बर्फ आणला तो थेट कातडीवर. बायकोने दुकानातलं मलम लावलं. "अरे, पाय वर! वर करा! कापडातून लावा!" ट्रेनर ओरडत होता. "खेळाडू एवढं बोलतात का हो?" बायकोने गोलकीपरला विचारलं. "नाही," तो म्हणाला, "बोलायची सोयच नसते."

तीन आठवडे सक्तीची विश्रांती. एका रविवारची रजा एकवीस दिवसांची झाली.

पहिले दोन दिवस सगळे खूश होते. कप कुठे असतात ते ट्रेनरला कळलं. नवी किल्ली मिळाली (बाहेर जाता येत नसल्यामुळे तिचा उपयोग नव्हता, पण मिळाली). तिसऱ्या दिवसापासून मात्र तो सोफ्यावर पाय उंच ठेवून घराकडे बघायला लागला. चालताना बायको उजव्या कमरेवर जास्त भार टाकते, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तिला भाजी चिरतानाच कसं उभं राहायचं ते शिकवलं. सासऱ्यांना भिंतीला पाठ लावून बसल्यासारखं उभं केलं, एक मिनिटाचे चार संच. त्यात सासरे खाली सरकले ते बसलेच. मुलीला गृहपाठाआधी मांड्या ताणायला लावल्या. गोलकीपर आता दुपारी कुणी बघत नाहीसं बघून, दबकत जिना उतरायला लागला, कारण ट्रेनर वर चौथ्या मजल्यावर दाराशी खुर्ची टाकून त्याच्या पावलांचा आवाज मोजत बसे.

नवव्या दिवशी ट्रेनर लंगडत पाणी प्यायला निघाला, तर स्वयंपाकघरातून बायकोचा दबका आवाज आला. ती फोनवर होती.

"नाही हो साहेब, पाय अगदी बरा आहे... लंगडतात थोडे, पण लंगडत लंगडत येतील... काय म्हणता? दोन्ही सामने जिंकलात? कुणाला लागलं नाही?... अहो, पण खेळाडूंना त्यांची आठवण येत असेल... नाही येत?... असं म्हणू नका साहेब. क्लबचं काही कर्तव्य आहे की नाही?"

ट्रेनर दाराच्या आड खिळून राहिला. बायको बराच वेळ 'हं, हं' करत होती. मग तिने फोन ठेवला, वळली, आणि तो समोर दिसताच जराही न गडबडता म्हणाली, "तुमच्या साहेबांशी बोलले. ते म्हणतात, घाई नाही, आणखी महिनाभर घरीच राहू द्या. मी म्हटलं, हे काही चालायचं नाही. शेवटी मधला मार्ग निघाला."

"कसला?"

"पुढच्या आठवड्यापासून तीन दिवस ते तुम्हाला सांभाळणार, तीन दिवस आम्ही."

"आणि रविवारी?"

भिंतीला पाठ लावून, तोंड वेडंवाकडं करत अर्धे बसलेले सासरे आतल्या खोलीतून ओरडले, "रविवारी गोलकीपरला सांगा! अडवायचं कामच होतं त्याचं!"